तळहातावरचे अप्पा

सोलापूरला जाऊन काय बघणार, असं निघताना मला सगळ्यांनी विचारलं. आमच्या चिपळूणची माणसं सुट्टीत गेलीच तर पुण्याला जातात, नाहीतर कोल्हापूरला. सोलापूरहून चादरी येतात, तिकडे कुणी जात नाही, अशी आमची समजूत. मी नाताळच्या सुट्टीत गेले, सुट्टी संपेपर्यंत राहिले, आणि आल्यापासून शिक्षकांच्या खोलीत रोज थोडं थोडं सांगते आहे. त्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकलेलं बरं.

जायचं कारण महानंदा. बी.एड.ला पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो. ती दर दिवाळीला "ये की गं" म्हणून लिहायची आणि मी दर दिवाळीला "येते" म्हणून कळवायचे. या वर्षी भावाने त्याचा जुना डबा कॅमेरा मला देऊन टाकला. तो गळ्यात अडकवून कुठेतरी जायलाच हवं होतं.

गाडीत पहाट झाली आणि खिडकीबाहेर पाहिलं, तर शेतात एक लहान मूल शेळीला घेऊन चाललेलं. म्हटलं, एवढ्या थंडीत एवढंसं पोर कुणी पाठवलं? रूळ थोडा वळला, मूल जवळ आलं, आणि तो चांगला मिशीवाला गडी निघाला. शेळीचा बैल झाला. भूगोल शिकवणाऱ्या बाईची ही गत! पण चूक माझी नव्हती. आमच्याकडे डोळ्यांसमोर लगेच एक डोंगर येतो, मध्ये पाच-पन्नास माड असतात, त्यांवरून नजरेला अंदाज येतो. इथे मध्ये काहीच नाही. काळी जमीन थेट आभाळाला जाऊन टेकलेली. काय जवळ आणि काय लांब, काय लहान आणि काय मोठं, हे डोळ्यांनी ठरवायचं कशावरून?

त्या गड्यामुळेच माझ्या डोक्यात कॅमेऱ्याचा नवा खेळ शिरला.

महानंदाचं घर

टांग्यातून उतरले तेव्हा दारात महानंदाचे वडील उभे होते. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. सहा फुटांचा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा फेटा आणि बोलताना हलणाऱ्या मिशा. शहरात धान्याचं दुकान, मंद्रूपला शेती. "या, या कुमुदबाई," ते म्हणाले, "कोकनातनं आलाय, दमला असाल की." मग आत वळून कानडीत काहीतरी ओरडले. या घरात प्रेमाचं मराठीत चालतं आणि घाईचं कानडीत, असं माझ्या लक्षात आलं.

महानंदाच्या आईला सगळे अव्वा म्हणतात. मी चूळ भरते तोच त्या म्हणाल्या, "आधी सुशीला खावा, मग आंघोळ." मी दचकून महानंदाकडे पाहिलं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वर दाण्याचं कूट. सुरेख लागते. पुढे दिसलं, की आमच्याकडे जसं सगळ्यावर खोबरं पडतं, तसं इथे सगळ्यावर शेंगदाणे पडतात. चटणी दाण्याची, पोळीत दाणे, भाजीला दाणे. आणि ती कडक भाकरी! पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते म्हणे. आमच्या पावसात ती महिनाभर टिकली असती का, हा विचार मी मनातच ठेवला.

सुशीलेची ताटली घेऊन आली ती महानंदाची धाकटी बहीण सुरेखा. महानंदा वडिलांवर गेलेली, चांगली उंच. सुरेखा तिच्या खांद्यालाही पोचत नव्हती. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. "फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागासाठी मला स्टूल दिलंय," तिने पहिल्या पाच मिनिटांतच मला सांगितलं. "मुली म्हणतात, बाई स्टुलावर चढल्या की अवघड गणित येतंय." मला ती फार आवडली.

तळ्याकाठी

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. पाण्यात मधोमध देऊळ, एका बाजूला किल्ल्याची भिंत, आणि काठावर सोलापूरचं स्वच्छ ऊन. मी महानंदाला पाच-सहा पावलांवर उभं केलं आणि सांगितलं, "दोन बोटं अशी धर. कळस चिमटीत आला पाहिजे."

"येड लागलंय हिला," महानंदा म्हणाली, पण उभी राहिली.

आता हा कॅमेरा कसा असतो ते सांगते. पत्र्याचा डबा, पुढे भिंग, आणि वर एक छोटी काच. काचेत वाकून बघायचं. माझ्या कॅमेऱ्याला भोकं दोन. लहान भोक लावलं की जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट येतं. या खेळाला तेच लागतं, कारण बोट पुसट आलं की लबाडी उघडी पडते. काचेत बोटांची चिमूट बरोबर कळसावर बसली आणि मी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून फोटो आला. कळस जागच्या जागी होता. महानंदाची चिमूट त्याच्या वर, रिकाम्या हवेत. जणू माशी पकडते आहे.

"देवाला मीठ घालतेस का गं?" सुरेखा हसून लोळायची बाकी होती.

रात्री विचार करून उलगडा झाला. बघायची काच वर आणि भिंग तिच्याखाली चार बोटं. मी पाहत होते एका जागेवरून आणि कॅमेरा दुसऱ्या. लांबच्या देवळाला चार बोटांनी काही फरक पडत नाही, पण जवळच्या चिमटीला पडतो. पुन्हा तळ्यावर गेलो. काचेत सगळं जुळवलं, मग कॅमेरा चार बोटं वर उचलला आणि श्वास रोखून कळ दाबली. या वेळी कळस चिमटीत! कानातला डूल उचलावा तसा महानंदाने अख्ख्या देवळाचा कळस धरला होता.

घरात फोटो हातोहात फिरला. अप्पा मात्र हसले नाहीत. चष्मा लावून त्यांनी तो खूप वेळ पाहिला. संध्याकाळी मी अंगणात एकटी बसले होते, तर शेजारी येऊन बसले.

"कुमुदबाई, एक इचारू का? ह्या फोटूत दोन बोटं कळसाएवढी झाली. म्हंजी लहानाचं मोठं हुतंय की."

"होत नाही अप्पा. दिसतं."

"दिसलं तरी बास हाय." ते घरात बघून आवाज खाली आणत म्हणाले, "आमच्या सुरेखाचा असा एक काढता का? अक्कलकोटचं स्थळ हाय, पोरगा शेतकी खात्यात. त्यांनी उभा फोटू मागितलाय. आदीची दोन स्थळं पोरीला बघून माघारी गेली. दुसऱ्या वेळेला तर त्यातला एक जण दारातच हसला. मला ते हसनं अजून ऐकू येतंय."

एवढा मोठा माणूस, पण ते सांगताना अंग चोरून बसला होता. मी म्हटलं, "सुरेखाला विचारते. ती हो म्हणाली तर काढते."

सुरेखाने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. "काढा की," ती म्हणाली. "उंच झाल्यावर मी कशी दिसते ते मला तरी कुठं माहीत आहे? पण त्याच्याबरोबर माझ्या मनासारखा एक काढायचा."

मंद्रूपचा माळ

मंद्रूपला जायला निमित्त हुरड्याचं होतं. आमच्याकडे ज्वारी पोत्यातून येते, ती झाडाला कशी दिसते हेही मला माहीत नव्हतं. अप्पांच्या शेतात ती डोक्याच्या वर उभी होती. गोवऱ्यांच्या आरावर कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि हिरवे दाणे तोंडात. सोबत दही आणि ती दाण्याची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला "पुरे का?" विचारतात. इथे "अजून एक" असं सांगतात, विचारत नाहीत. पोट तुडुंब झाल्यावर मी कॅमेरा काढला.

शेताच्या पलीकडे पिवळ्या गवताचा मोकळा माळ. मला हवा होता तसाच. झाड नाही, घर नाही, मापायला काही नाही. सुरेखाने बारीक उभ्या रेघांचं पातळ नेसलं होतं. तिच्या मागे, खूप लांब, अप्पांची बैलगाडी उभी करवली, म्हणजे गाडी एवढीशी दिसेल आणि पोरगी मोठी. आणि कॅमेरा जमिनीवर. जमिनीवर ठेवलेल्या डब्याच्या काचेत बघायचं, तर आपणही जमिनीवर. मी पदर खोचला आणि पालथी पडले. कोपर टेकताच सराट्याचे काटे लागले. अव्वा दुरून कानडीत काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"कोकणातल्या शिक्षिका सगळ्या अशाच असतात का, म्हणून विचारतेय," महानंदा म्हणाली.

कळ दाबली. उठले तेव्हा पातळावर पुढून काटेच काटे. ते काढत होते तेवढ्यात सुरेखा म्हणाली, "आता माझा. मला अप्पांना तळहातावर घ्यायचंय."

अप्पांना आधी समजेना. समजल्यावर लाजले. "हे काय पोरखेळ गं!" पण आपल्या मनासारखा फोटो मिळाला होता, आता नाही कसं म्हणणार? फेटा सारखा करत ते माळावर चालू लागले. सुरेखाने हात पुढे पसरला, मी काचेत वाकले.

"अप्पा, अजून मागं!" महानंदा ओरडली. अप्पा मागे गेले. "अजून!" अजून गेले. "आता थोडे डावीकडे!" मी काचेत बघून सांगितलं. ते डावीकडे सरकले आणि काचेत तळहातावरून खाली पडले. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, हे मी विसरले होते. "उजवीकडे!" ते फार उजवीकडे गेले आणि सुरेखाच्या कोपरावर उभे राहिले. वाऱ्यात हाका पोचेनात. अप्पा कानामागे हात धरून "काय म्हनताय?" विचारत होते. बांधावरून चाललेल्या दोन बायका थांबल्या. म्हातारा माळावर एकटाच इकडून तिकडे सरकतोय आणि तीन बायका त्याच्यावर ओरडतायत, म्हणजे काहीतरी झालं असणार, असं वाटून त्या धावत आल्या. अव्वांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्याही ओरडू लागल्या.

शेवटी अप्पा कंटाळून कमरेवर हात ठेवून थांबले, आणि नेमके बरोबर जागी थांबले. सुरेखा हात न हलवता त्यांच्याकडे बघून हसत होती. मी कॅमेरा चार बोटं उचलला आणि कळ दाबली.

दोन फोटो

दोन्ही फोटो उत्तम आले. स्टुडिओवाल्याने दुसऱ्याची एक जास्त प्रत स्वतःसाठी मागितली.

पहिल्यातली सुरेखा उंच होती, चांगली शेलाटी, मागे खेळण्यातल्यासारखी बैलगाडी. मी मनात खूश झाले. अव्वांनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"कुणाची गं ही पोरगी?" त्या म्हणाल्या.

अव्वांनी थट्टा केली नव्हती. मग त्यांनी दुसरा फोटो उचलला. सुरेखाच्या तळहातावर वीतभर अप्पा, कमरेवर हात, आणि तिचं ते हसू. "हां, ही सुरेखा," अव्वा म्हणाल्या.

"पाठवायचा तर हा पाठवा, अप्पा," सुरेखा म्हणाली.

"लगीन म्हंजी काय जत्रा हाय का? हा बघून काय म्हनतील ते?"

"आणि तो बघून आले तर? दारात तर मीच उभी असणार की. का जन्मभर जमिनीवर पालथं पडून बघायला सांगू नवऱ्याला?"

"तुला कुनी हसलेलं मला बघवत न्हाय गं," अप्पा एकदम म्हणाले. आवाज चढला नव्हता, चिरकला होता. सुरेखाचेही डोळे भरले, पण ती मागे हटली नाही. "मला सवय आहे अप्पा. तुम्हीच मनाला लावून घेता."

अप्पांनी पहिला फोटो खिशात घातला आणि दुकानात निघून गेले.

अक्कलकोट

टपालावर भरवसा नाही म्हणून फोटो ते स्वतःच घेऊन निघाले. मला देवदर्शन करायचं होतं म्हणून मीही बरोबर गेले. एस.टी.त जसजसं पुढे जावं तसतशी कानडी वाढत गेली.

दर्शन उरकून त्या घरी गेलो. "बर्री, कूड्री," असा आतून भरदार आवाज आला. या-बसा, एवढं मला कळायला लागलं होतं. मुलाच्या आई बाजेवर मांडी घालून बसल्या होत्या. मोठं कुंकू, हातभर बांगड्या. त्या बोलल्या की घर ऐकायचं. मुलगा बसवराज खुर्चीच्या कडेवर बसला होता. उंच, जरा वाकलेला, शांत.

चहा झाला. अप्पांनी खिशातून पहिला फोटो काढून दिला. आईंचा चेहरा उजळला. "उंच हाय की पोरगी! आमाला सांगनाऱ्यानं ठेंगनी म्हनून सांगितलं हुतं."

अप्पांनी नुसती मान हलवली असती तरी पुरत होतं. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. अप्पांनी उपरण्याने मान पुसली.

"न्हाय," ते म्हणाले. "ठेंगनीच हाय."

मग दुसऱ्या खिशात हात घालून त्यांनी दुसरा फोटो काढला. तो त्यांनी आणलाय हे मलाही माहीत नव्हतं. "त्यो फोटू ह्या बाईंनी जमिनीवर पडून काढलाय. त्यात ती उंच हाय, ह्यात मी वीतभर हाय. दोन्ही बी खरं न्हाय. पोरगी माझ्या छातीपतूर येती. गनितात हुशार हाय, शाळेत शिकविती, आन् हा फोटू तिनं सुचवलाय. बघायची असंल तर रविवारी या. नसंल तर चहा झालाय, आमी निगतो."

बसवराज फोटो घेऊन खिडकीपाशी गेला. आधी त्याला कळलं नसावं. मग तो एकदम मोकळा हसला. पण ते दारात हसणाऱ्याचं हसू नव्हतं, अप्पांनीही ते ओळखलं. "तुम्ही नक्की कुठं उभे होता?" त्याने विचारलं.

"लई लांब. ह्या वरडत हुत्या आन् मला काय ऐकूच येईना."

आई मात्र हसल्या नाहीत. "भाळ सण्ण," त्या स्वतःशीच म्हणाल्या. फारच लहान. "बघू. कळवतो."

परतीच्या गाडीत अप्पांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "बोललो ते बरं झालं न्हवं?"

"फार बरं झालं."

"घरात सांगू नका एवढ्यात."

पण रात्री जेवताना त्यांनीच सांगून टाकलं. सुरेखाने त्यांच्या ताटात आणखी एक शेंगापोळी वाढली.

रविवार

आम्ही वाट बघणं सोडून दिलं होतं, आणि ते आले. टांगा थांबला तेव्हा मी आणि महानंदा आत सुशीला परतत होतो. बाहेरून फक्त तो भरदार आवाज ऐकू आला. महानंदाने सुरेखाला हळूच टाचांच्या चपला आणून दिल्या. सुरेखाने त्या पायाने बाजूला सारल्या आणि अनवाणीच ताटल्या घेऊन बाहेर गेली.

खाणं झालं, चार प्रश्न झाले. मग आई म्हणाल्या, "जरा उभी ऱ्हा गं पोरी. बसवराज, तू बी ऊठ." दोघं शेजारी उभी राहिली. ती त्याच्या दंडालाही नीट पोचत नव्हती. अप्पा खाली बघायला लागले.

"मावशी, आधीच सांगते," सुरेखा म्हणाली. "मला फळ्यासाठी स्टूल लागतं. घरातही लागेल."

"ते दिसतंच हाय," म्हणत आई जवळून बघायला उठल्या. आणि महानंदा आणि मी बघतच राहिलो. अक्कलकोटला त्या आमच्यासमोर बाजेवरून उठल्याच नव्हत्या. तो आवाज, ते कुंकू, तो बसण्याचा थाट, यावरून मी त्यांना चांगल्या धिप्पाड धरून चालले होते. त्या सुरेखाशेजारी उभ्या राहिल्या तर सुरेखापेक्षा दोन बोटं कमीच!

आमचे चेहरे त्यांना वाचता आले असावेत. "बगताय काय?" त्या म्हणाल्या. "म्हनून तर उंच पोरगी बगत हुते. जन्म गेला माझा वरच्या फळीवरचा डबा काढाया कुनाला तरी हाका मारन्यात. म्हटलं, सून तरी वर हात पोचनारी असावी."

"वरचा डबा मी काढीन की, अव्वा," बसवराज आपल्या आईला म्हणाला.

सगळ्या बैठकीत तो बोलला ते एवढंच. सुरेखाचे कान लाल झाले. आईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुरेखाकडे, आणि अव्वांना म्हणाल्या, "साखर आना. का ती बी वरच्या फळीवर हाय?"

अप्पा उठून आत गेले. साखरेसाठी गेले असं आम्हाला वाटलं, पण बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी साखर अव्वांनीच आणली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. स्टेशनवर अप्पा सोडायला आले होते. एका हातात कडक भाकऱ्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात चटणीचा डबा. दोन्ही माझ्या मांडीवर ठेवून खिडकीशी उभे राहिले. "वैशाखात लगीन धरलंय. तुमी यायचं. फोटू तुमीच काढायचा."

"काढेन की. या वेळी काय करू? सोलापूरचं देऊळ तिच्या डोक्यावर ठेवू?"

अप्पा हसले नाहीत. गाडी हलली तसे खिडकीबरोबर चार पावलं चालले.

"काय बी करू नका," ते म्हणाले. "हाय तशी काढा."